७८,०६४ अक्षरं

काकांनी कागद आधी सरळ धरला, मग उलटा धरला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा सरळ धरला.

"कुठून वाचू म्हणतोस?"

"उजवीकडून, काका. वरची पहिली ओळ."

"तेच करतोय." त्यांनी ओठांतल्या ओठांत चारपाच अक्षरं जुळवून बघितली. मग ओळ डावीकडून वाचून पाहिली. "अरे, हे हिब्रू नाही."

"अक्षरं तर हिब्रूच आहेत की."

"अक्षरं आहेत. पण हिब्रू नाही. सगळी बाराखडी पोत्यात घालून हलवली तर मराठी होतं का?"

रास्ता पेठेतली त्यांची खोली, २००१ सालच्या जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर पावसाची रिपरिप. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. आमच्या ऑफिसात कुणालाच हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून एका मित्राच्या ओळखीने मी त्यांच्याकडे जाऊ लागलो होतो. त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. छापताना ओळी उजवीकडून डावीकडे नीट पडतात का, एवढंच त्यांच्याकडून बघून घ्यायचं होतं. 'बेरेशीत बारा एलोहीम' हे हिब्रू बायबलचे पहिले तीन शब्द दिसले की चहा पिऊन परत, असा बेत. चहा आलाही. तो तसाच राहिला, कारण पोत्यात घालून हलवायचं म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला होता. ते पोतं मीच हलवलं होतं.

आता जरा मागे जातो.

त्या वर्षी डॉटकॉमचा फुगा फुटलेला होता. कर्वे रोडवर मिठाईच्या दुकानाच्या वर असलेली आमची कंपनी येईल ते काम घेत होती. पतपेढीचं घेतलं, ब्लड बँकेचं घेतलं, आणि हे एक घेतलं. क्लायंट अमेरिकेतला, साठीचा, स्वतःचा धंदा मुलाकडे सोपवून मोकळा झालेला. त्याला बायबलमधले गुप्त संकेत शोधणारं सॉफ्टवेअर हवं होतं. बाजारात तशी होती, पण त्याला त्याच्या मनासारखं हवं होतं.

संकेत म्हणजे काय, तर मूळ हिब्रू मजकूर घ्यायचा. शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या. उरते ती अक्षरांची एक लांबच लांब माळ. आता त्यातलं एक अक्षर घ्यायचं, ठरावीक अंतर सोडून पुढचं घ्यायचं, तेवढंच अंतर सोडून त्यापुढचं. असं करताना एखादा शब्द तयार झाला की तो संकेत. उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक. त्याच्या पहिल्याच वाक्यातल्या पहिल्या 'तव' या अक्षरापासून दर पन्नासावं अक्षर उचललं की तव, वाव, रेश, हे अशी चार अक्षरं ओळीने मिळतात. झाला 'तोरा' हा शब्द, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच, मोशेच्या पुस्तकांचं हिब्रू नाव. हे संगणकाच्या आधीपासून माहीत आहे. स्लोव्हाकियातले रब्बी वाइसमांडल तर दहा बाय दहाच्या चौकटींत हाताने अक्षरं मांडून असे शब्द शोधत. पुढे संगणक आला. १९९४ साली विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग या तिघांचा लेख 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या संख्याशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. नामवंत रब्बींची नावं आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा उत्पत्तीत एकमेकांजवळ सापडतात, आणि इतक्या जवळ की तो योगायोग म्हणता येणार नाही, असा त्यांचा दावा होता. रिप्स हे काही ऐरेगैरे नव्हते, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले खरेखुरे गणिती. मग १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराचं पुस्तक आलं आणि हे सगळं घरोघरी पोचलं. खून झालेले इस्रायली पंतप्रधान यित्झाक राबिन यांचं पूर्ण नाव त्याला दर ४,७७२व्या अक्षराला सापडलं होतं आणि त्याला छेदून जाणारी ओळ खुनाची होती. आमच्या क्लायंटने ते पुस्तक आम्हाला कुरियरने पाठवलं होतं, पानापानावर पिवळ्या खुणा करून.

मी ते वाचलं आणि काकांना ती ओळ विचारली. ते हसले. "पाचवं पुस्तक, अनुवाद, चौथा अध्याय. अरे, तिथे चुकून कुणाचा जीव घेतला गेला तर त्या माणसाने कुठल्या गावात आसरा घ्यायचा, ते सांगितलंय. वैर नसताना, नकळत मारलं तर. राबिनला मारणाऱ्याने काय नकळत गोळी घातली होती?"

काम म्हणून मात्र ते मजेचं होतं, हे कबूल करतो. हिब्रू बायबलच्या कोरेन आवृत्तीप्रमाणे उत्पत्तीत ७८,०६४ अक्षरं आहेत, पाचही पुस्तकं मिळून ३,०४,८०५. लिपीत अक्षरं बावीस, पण त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की वेगळं रूप घेतात. संगणकाला ती सत्तावीस दिसतात, ती आधी बावीसवर आणायची. मजकूर कधी सुलटा साठवलेला, कधी उलटा, कारण त्या काळात हिब्रू उजवीकडून दाखवणं हे साध्या इंग्रजी विंडोजला धड जमत नव्हतं. आणि सापडलेला शब्द पडद्यावर दाखवायचा कसा, याचीही एक युक्ती होती. अंतर पन्नासचं असेल तर सगळा मजकूर पन्नास-पन्नास अक्षरांच्या ओळींत मांडायचा. मग तो शब्द आपोआप उभा दिसतो, शब्दकोड्यासारखा, आणि त्याच्या आजूबाजूला दुसरे शब्द शोधता येतात. हा जाळीचा पडदा मी लिहिला होता. पहिल्यांदा चालला तेव्हा मीच मागे सरकून दोन मिनिटं बघत बसलो.

मेख आहे ती स्वरांत. हिब्रूत मुख्यतः व्यंजनंच लिहितात. आपल्याकडे क, म, ल एवढंच लिहायचं ठरवलं तर ते कमल वाचा, कमाल वाचा, कोमल वाचा, नाहीतर कामाला. तीन अक्षरांत चार शब्द. शिवाय परकं नाव हिब्रूत लिहायचं म्हणजे 'त'ला दोन अक्षरं, 'क'ला दोन, 'स'ला दोन, आणि 'उ' लिहिला तर वाव, नाही लिहिला तरी चालतो. क्लायंटच्या मागणीपत्रात 'पर्यायी स्पेलिंग' नावाचं एक कलमच होतं. एक नाव टाकलं की सॉफ्टवेअरने त्याची होतील तेवढी रूपं करून सगळी शोधायची. एका साध्या अमेरिकन नावाची आम्ही बारा रूपं केली होती. (ज्ञानेश्वरीवर हे चालवून बघू, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालंच. पण अक्षर कशाला म्हणायचं, जोडाक्षर एक धरायचं की दोन, काना-वेलांटी वेगळी मोजायची का, आणि मुळात प्रत कुठली घ्यायची, यावरच जेवणाची सुट्टी संपली.)

आणि आकडेमोड तर सरळ आहे. पाच अक्षरी शब्द घ्या. पाचही पुस्तकांत, पुढून आणि मागून, पाच हजारांपर्यंतचं कुठलंही अंतर चालेल म्हणा. सुरुवात करायला जवळपास २९५ कोटी जागा मिळतात. सगळी अक्षरं सारखीच वेळा येतात असं धरलं तरी तो शब्द नुसत्या योगायोगाने पावणेसहाशे वेळा सापडायला हवा. हे मी कागदावर मांडलं होतं आणि कागद खणात ठेवला होता. क्लायंटला हे सांगणं माझ्या पगारात बसत नव्हतं.

पण स्वतःच्या समाधानासाठी मी एक उद्योग केला. १९९९ साली त्याच नियतकालिकात मॅके, बार-नातान, बार-हिलेल आणि कलाई यांनी त्या पहिल्या लेखाचं उत्तर दिलं होतं. एकेका रब्बीला किती नावं, त्यातली कुठली घ्यायची, कशी लिहायची, यात इतकी मोकळीक होती की नावांची यादी थोडी इकडेतिकडे केल्यावर त्यांना 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू भाषांतरातही तसाच 'चमत्कार' दाखवता आला. याच मॅकेने 'मोबी डिक'मध्ये इंदिरा गांधींची हत्याही शोधून दाखवली होती. ते वाचून मी उत्पत्तीची अक्षरं पत्ते पिसावेत तशी पिसली आणि एक वेगळी फाइल केली. अक्षरं तीच, तेवढीच, क्रम मात्र कुठलाही. मूळ फाइलचं नाव जेनेसिस, हिचं जेनेसिस-आर. पिसायला संगणकाला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. मी माझ्या स्कूटरचा नंबर दिला, ३४७२. वेगाच्या चाचण्याही मी याच फाइलवर घेत होतो.

तर काकांच्या खोलीत पोटात गोळा आला तो यामुळे. सीडी बनवायच्या स्क्रिप्टमध्ये चाचणीसाठी मी फाइलचं नाव बदललं होतं. ते परत बदलायचं राहून गेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेला गेलेल्या बिल्डमध्ये उत्पत्ती नव्हतीच. जेनेसिस-आर होती.

तुम्ही म्हणाल, टेस्टिंगमध्ये कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आम्ही मजकूर दोन कसोट्यांवर तपासला होता. एकूण अक्षरं ७८,०६४ भरतात का, आणि प्रत्येक अक्षर किती वेळा येतं. पिसलेल्या फाइलमध्ये दोन्ही तंतोतंत जुळणारच! तिसरी कसोटी होती 'तोरा'ची. टेस्टरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं, 'पन्नासच्या अंतराने तोरा सापडतो का? हो / नाही.' त्याने शोधलं, सापडलं, 'हो'वर खूण केली. वाव, हे ही अक्षरं इतकी वारंवार येतात की एवढ्या लांबीच्या कुठल्याही पिसलेल्या माळेत पन्नासच्या अंतराने तोरा सरासरी दोनदा निघेल. पहिल्याच वाक्यात सापडला का, हे तक्त्यात विचारलेलंच नव्हतं. तक्ता मीच केला होता.

आणि खरी अडचण याहून मोठी होती. आठवड्यापूर्वीच क्लायंटची मेल आली होती. आमच्या साहेबांनी ती सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवली होती. त्याची मुलगी १९९३च्या उन्हाळ्यात नदीत बुडून गेली होती. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला तिचं नाव सापडलं, त्याच जाळीत हिब्रू सन ५७५३ सापडला (हिब्रूत आकडेही अक्षरांनी लिहितात), आणि दोन ओळी खाली 'नहार', म्हणजे नदी. त्याने आणि त्याच्या बायकोने तो कागद फ्रेम करून घेतला होता. मेल वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. टेस्टिंगच्या मुलीने डोळे पुसले.

"काय झालं? तोंड का पडलं तुझं?" काकांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "आमची सेफर तोरा, देवळातली तोराची गुंडाळी, हाताने लिहितात, माहितीय ना. लिहिताना एक अक्षर चुकलं, तर दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला काढत नाहीत. एक अक्षर. आणि तू ७८ हजार पिसलीस." मग म्हणाले, "चहा पी, निवला."

ऑफिसात परतलो आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याला जे मिळालं ते बायबलमधलं नाही?"

"नाही."

"पण मिळालं ना?"

"हो, पण..."

"मग बग कसला? सॉफ्टवेअर शोधायचं होतं, त्याने शोधलं."

"सर, या फाइलमध्ये काहीही सापडेल. पुणेसुद्धा सापडेल."

"दाखव."

त्या आठवड्यात सगळ्या पेपरांतून पानशेतच्या पुराला चाळीस वर्षं झाल्याच्या आठवणी येत होत्या. टेबलावर तोच पेपर पडला होता, म्हणून मला ते सुचलं. काकांना फोन लावला. पुणे कसं लिहायचं? "पे, वाव, नून. शेवटी योद लाव, नाहीतर पूना म्हण आणि हे लाव, अलेफही चालेल. आम्ही कसंही लिहितो." पाणी म्हणजे माइम, तीन अक्षरं, मेम, योद, मेम. १२ जुलै १९६१ हे हिब्रू सन ५७२१मध्ये पडतं. हजार सोडून द्यायचे, उरले ७२१, म्हणजे तव, शीन, काफ, अलेफ. तीन स्पेलिंगं, अंतर कितीही. वीसेक मिनिटांत जाळी पडद्यावर आली. पूना उभं, त्याला खेटून माइम, आणि चार ओळींवर तिरकं ५७२१. तीन रंगांत.

साहेब खुर्ची ओढून पडद्याजवळ आले. त्यांचं घर मूळचं शनिवार पेठेतलं, नदीकडचं. पुरात वाडा पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. बराच वेळ त्यांनी त्या तीन रंगांवरून बोट फिरवलं.

"ही पिसलेलीच फाइल ना?"

"हो सर. माझ्या स्कूटरच्या नंबरने पिसलेली."

"हं." मग जरा थांबून, "एक प्रिंट काढ. आईला दाखवतो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते अजिबात थट्टा करत नव्हते. प्रिंट काढली, त्यांनी ती घडी न घालता फाइलमध्ये ठेवली, आणि मग म्हणाले, "फोन कर त्याला. मी नाही करणार. चूक तुझी आहे."

संध्याकाळी साडेसात म्हणजे तिकडे सकाळ. मी वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. सगळं सांगितलं, फाइल कशी बदलली, कशी केली होती, कशासाठी केली होती. माफी मागितली. पलीकडे इतका वेळ शांतता होती की लाइन कटली असं मला वाटलं.

मग त्याने विचारलं, "पिसताना क्रम दर वेळी वेगळा येतो का?"

"नाही. सुरुवातीचा आकडा तोच दिला तर क्रमही तोच येतो."

"तो आकडा कुणी दिला?"

"मी."

"कुठला होता?"

मी सांगितलं.

"हाच का दिलास?"

"काही कारण नाही. माझ्या स्कूटरचा नंबर आहे."

"म्हणजे लक्षावधी आकड्यांतून तू नेमका तो निवडलास," तो सावकाश म्हणाला, "आणि तुला वाटतं त्याला काही कारण नाही."

मी लिहून आणलेल्या वाक्यांत याला उत्तर नव्हतं. पावणेसहाशे वेळांचं गणित मला पाठ होतं, ते तोंडापर्यंत आलंही. पण त्याच्या भिंतीवरची ती फ्रेम मला दिसत होती, आणि मी ते गिळलं. बरोबर केलं की चूक, आजही मला ठरवता येत नाही. त्याने एवढंच सांगितलं की खरी फाइल पाठव, पण ती दुसरी पुसू नकोस. दोन्ही ठेव, आणि छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी फाइलचं नाव येऊ दे. साहेबांनी हा जादा कामाचा वेगळा कागद करून चार दिवसांचं बिल लावलं. ते त्याने विनातक्रार भरलं.

दुसऱ्या दिवशी खरी उत्पत्ती चढवली आणि पहिलं वाक्य पन्नास-पन्नासच्या ओळींत मांडून बघितलं. पहिला तव, त्याच्या बरोबर खाली वाव, त्याखाली रेश, त्याखाली हे. हे असणारच हे माहीत होतं, सरासरी दोनदा निघतो हेही मीच मोजलं होतं. तरी अंगावर काटा आला नाही असं म्हणणार नाही. ती प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी आमच्या उभ्या रंगीत शब्दाकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवीकडून आडवं वाचायला लागले, "बेरेशीत बारा एलोहीम एत हशामायिम...", आणि पान संपेपर्यंत थांबले नाहीत.

ऑगस्टमध्ये क्लायंटची आणखी एक मेल आली. खऱ्या फाइलमध्येही त्याला मुलीचं नाव मिळालं होतं, वेगळ्या स्पेलिंगने, वेगळ्या अंतराने. आणि त्या जाळीच्या कोपऱ्यात त्याने लाल वर्तुळ केलं होतं. गिमेल, तव, आयिन, बेट. म्हणजे ३४७२. खाली मला उद्देशून एकच ओळ होती, 'आता तरी पटतं का?'

ती मी काकांना दाखवली. त्यांनी कागद सरळच धरला, वर्तुळातली चार अक्षरं बोटाने मोजली आणि मान हलवली.

"आली खरी तुझी गाडी मोशेच्या पुस्तकात," ते म्हणाले. मग खिडकीतून खाली पावसात उभ्या असलेल्या स्कूटरकडे बघून, "पहिल्या किकला सुरू होते का पण?"

"नाही काका. सात-आठ माराव्या लागतात."

"मग प्लग साफ करून घे."